काळा खंड

‘ब्लॅकमेल’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला परका म्हणणंही आता जड जावं. पेपरात तो रोज असतो, मालिकांच्या निम्म्या कथानकांना तोच पुरतो, आणि ‘आई, तू मला इमोशनल ब्लॅकमेल करू नकोस’ हे वाक्य म्हणायला इंग्रजी माध्यमात शिकलेलं असावं लागत नाही. त्यातला ‘ब्लॅक’ सगळ्यांना कळतो. ‘मेल’ही कळतो असं वाटतं. पंजाब मेल, ई-मेल, ‘मेल टाकलाय, बघून घ्या’. म्हणजे टपाल. मग उरलेली गोष्ट मन आपोआप जुळवून टाकतं: दाराच्या फटीतून सरकवलेलं निनावी पाकीट, आत धमकीचं पत्र, ‘अमुक रक्कम आणून ठेव, नाहीतर...’. समजूत तर्काला धरून आहे. खोटी आहे, एवढाच तिचा दोष.

इंग्रजीत मेल तीन आहेत आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिला टपालाचा. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ होता थैली, पडशी. पत्रं थैलीतून जायची, म्हणून थैलीचं नाव आतल्या कागदांना चिकटलं. दुसरा चिलखताचा, लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून केलेल्या जाळीचा. तो लॅटिन ‘माकुला’पासून आला, त्याचा अर्थ डाग, आणि जाळ्याचं भोकही. तिसरा मेल शेतातला. लंडनच्या बाजूला त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, पण उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात तो रोजच्या तोंडातला होता. मेल म्हणजे जमिनीचा खंड. खंडाने जमीन करणारा तो मेलर, त्याने धरलेली जमीन ती मेलिंग, घराच्या भाड्याला हाउस-मेल, चराईला ग्रास-मेल. ब्लॅकमेलमधला मेल हा आहे. काळं पत्र नव्हे, काळा खंड.

हा तिसरा मेल व्हायकिंगांबरोबर समुद्र ओलांडून आला. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘माल’ (‘मा’ लांब उच्चारायचा) या शब्दाचे अर्थ होते बोलणं, ठराव, दावा. एवढे अर्थ एकाच शब्दात कसे मावतात, हे इंग्रज वाचकाला समजावून सांगावं लागतं. मराठी वाचकाला सांगायची गरज नाही, कारण आपली ‘बोली’ नेमकी अशीच आहे. मालवणी ही बोली. ‘लग्नात मानपानाची अशी बोली झाली होती’ ही पण बोली. आणि लिलावात चढत जाते तीही बोलीच. तोंडातून निघालेला शब्द ठराव होतो, ठरावातून आकडा निघतो. नॉर्वेत हा शब्द भाषा या अर्थाने आजही चालतो. उच्चार मात्र ‘मोल’च्या जवळ जातो. तो आपल्या ‘मोला’शी जोडून टाकायचा मोह होईल, त्याला बळी पडू नये. असल्या योगायोगांवर नाना तऱ्हेच्या व्युत्पत्त्या उभ्या राहिल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या पावसात वाहून जातात.

इंग्रजीत हा शब्द आधी ठराव म्हणून, मग ठरलेली रक्कम म्हणून आणि शेवटी खंड म्हणून स्थिरावला. मग काळा का? इथे पंडितांचं एकमत नाही. एक मत असं की चांदीच्या नाण्यांत द्यायचा तो पांढरा खंड, आणि गुरं, धान्य असा ऐनजिनसी द्यायचा तो काळा. डोंगराळ भागातली गुरं बहुतेक काळीच असत, हाही मुद्दा त्याला जोडतात. चांदीतल्या रोख खंडाला ‘पांढरा’ म्हणण्याची चाल जुन्या दस्तांत आहे, त्यामुळे हे मत हवेतलं नाही. दुसरं मत सरळ आहे: काळा म्हणजे वाईट, बेकायदा, जसा काळा बाजार. मला दुसरं जास्त पटतं, आणि त्याला कारण आयर्लंडमधलं आहे. तिथे इंग्रजांच्या वसाहतीवर हल्ले होऊ नयेत म्हणून आयरिश सरदारांना वर्षासन द्यावं लागे, आणि त्याला ‘ब्लॅक रेंट’ म्हणत. मॅकमरो घराण्याला तर खुद्द इंग्रज राजाचा खजिना वर्षाला ८० मार्क मोजत असे. रोख पैसा, सरकारी खजिन्यातून, आणि तरी काळाच. तेव्हा रंग नाण्याचा नसावा, घेणाऱ्याच्या हक्काचा असावा.

आता तो मुलूख पाहू, कारण शब्द तिथल्या मातीतून वर आला आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामध्ये चेव्हियटचे बोडके डोंगर आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून ही दोन राज्यं एकमेकांशी लढत राहिली, आणि दर लढाईत फौजा याच पट्ट्यातून गेल्या. उभं पीक जाळलं जाणार हे ठरलेलं असेल तर माणूस पेरणी कशाला करेल? पायांवर चालणारी मालमत्ता बरी. गुरं, घोडे. पण चालणारी मालमत्ता दुसराही चालवत नेऊ शकतो. आर्मस्ट्राँग, ग्रॅहम, एलियट, कर, निक्सन, चार्लटन, रॉब्सन अशा घराण्यांनी तीनशे वर्षं हाच उद्योग केला. त्यांना रीव्हर म्हणत, म्हणजे लुटारू. सरहद्दीच्या अलीकडचे पलीकडच्यांना लुटत, आणि शेजाऱ्याशी वैर असेल तर अलीकडचे अलीकडच्यांनाही. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग याच आडनावाचा. १९७२ साली तो लँगहम या गावी आला तेव्हा गावाने त्याचा नागरी सत्कार केला. त्याच्या आडनावाच्या जुन्या माणसांचं स्वागत त्या टापूत वेगळ्या पद्धतीने होत असे.

हंगाम शरद ऋतूत सुरू व्हायचा. रात्री लांब होत, उन्हाळाभर डोंगरावर चरलेली गुरं धष्टपुष्ट आणि दूरवर हाकता येतील अशी असत, आणि जमीन अजून चिखलाने भरलेली नसे. दहा-वीस स्वार, कधी शेकड्यांनी, अंधारात दऱ्यांतून येत. गुरं, घोडे, मग घरातली भांडी, अंथरुणं, अंगावरचे कपडेसुद्धा. शेतकऱ्यांनी त्यावर घराचीच तटबंदी केली. अशी घरं नॉर्थम्बरलँडमध्ये आजही उभी आहेत. हातभराहून जाड दगडी भिंती, खाली गुरं, वर माणसं, वर जायला शिडी. शेवटचा माणूस चढला की शिडी वर ओढून घ्यायची. लूट झालीच तर पाठलाग करायचा हक्क कायद्यानेच दिलेला होता. सहा दिवसांच्या आत, कुत्री आणि शिंगं घेऊन, भाल्याच्या टोकावर पेटता शेणीसारखा मातीचा गठ्ठा धरून सरहद्द ओलांडायची. तो जळता गठ्ठा म्हणजे आपण चोर नाही, चोराच्या मागावर आहोत याची जाहीर खूण. वाटेत भेटेल त्याने सामील व्हायचं. नकार दिला तर तो चोराचा साथीदार.

पण पाठलागाला घोडे लागतात, माणसं लागतात, आणि मेलेल्या माणसाला गाय परत मिळून उपयोग नसतो. मग एखाद्या तगड्या घराण्याचा प्रमुख यायचा आणि बोली करायचा. वर्षाला इतकी पोती, इतकी जनावरं किंवा इतके पैसे दे. मी तुझ्या गोठ्याला हात लावणार नाही, आणि दुसऱ्याने लावला तर ती गुरं सोडवून आणीन. यातला दुसरा भाग नजरेआड करू नये. आजच्या ब्लॅकमेलरच्या मानाने हा माणूस बराच सचोटीचा, कारण तो पैशाच्या बदल्यात खरोखर काही करायचा. शेतकऱ्याला जमीनदाराचा मेल द्यावा लागेच. हा दुसरा मेल. पहिल्याच्या पाठीमागे दस्त आणि शिक्का, दुसऱ्याच्या पाठीमागे भाला. शेतकऱ्याच्या जिभेने दोन्हीला एकच नाव दिलं आणि फरक एका विशेषणात बसवला.

लेखी नोंदीत हा शब्द लवकर सापडतो तो १५३० सालच्या एका फौजदारी निकालात. टशिलॉचा अ‍ॅडम स्कॉट, लोक ज्याला चोरांचा राजा म्हणत, काळा मेल घेतल्याबद्दल दोषी ठरला आणि त्याचं डोकं उडवण्यात आलं. त्याच वर्षी राजा पाचवा जेम्स स्वतः फौज घेऊन सरहद्दीवर गेला आणि गिल्नॉकीच्या जॉनी आर्मस्ट्राँगला साथीदारांसकट फासावर दिलं. त्याआधी, १५२५ मध्ये, ग्लासगोचा आर्चबिशप गॅव्हिन डनबार याने या लुटारूंना जाहीर शाप देऊन पाहिला होता. हजाराहून जास्त शब्दांचा शाप. डोक्यापासून तळपायापर्यंत, आत-बाहेर, उठता-बसता, जेवता-झोपता, बायका-मुलं, नोकर, गुरं, कुत्री, नांगर, कुळव, काही सोडलं नाही. गुरं चोरीला जायची थांबली नाहीत. २००१ साली कार्लाइल शहरात या शापाचे काही शब्द कोरलेली एक प्रचंड शिळा बसवण्यात आली. त्याच वर्षी त्या भागात गुरांना लाळ-खुरकताची साथ आली, २००५ मध्ये शहरात पूर आला, आणि शिळा हलवावी अशी मागणी नगरपालिकेपर्यंत गेली. लुटारूंना न लागलेला शाप आपल्याला लागला असं एकविसाव्या शतकातल्या इंग्रजांना वाटावं, ही मौज आहे.

एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटने १६०१ मध्ये कायदा केला. उत्तरेच्या चार परगण्यांसाठी. त्यात ‘ब्लॅकमेल’ हे नाव घेऊन हा गुन्हा देहदंडाचा ठरवला. घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. देणाऱ्याला का, असं आज वाटेल. सरकारची बाजू अशी की तुम्ही पैसे देता म्हणून हे लोक पोसले जातात. शेतकऱ्याची बाजू अशी की तुम्ही रक्षण करत नाही म्हणून आम्ही देतो. यातली कुठली बाजू बरोबर, हे आपलं घर सरहद्दीपासून किती लांब आहे त्यावर ठरत असावं. दोनच वर्षांनी स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर आला, सरहद्दच उरली नाही, आणि पुढच्या काही वर्षांत फाशी आणि हद्दपारी यांनी हा धंदा तिथे संपवला.

उत्तरेच्या डोंगरांत, हायलँड्समध्ये, तो आणखी शंभरावर वर्षं चालला, आणि तिथे त्याने कोट-टोपी चढवली. रॉब रॉय मॅकग्रेगर हे नाव सिनेमामुळे आपल्याकडेही पोचलं आहे. १६७१ ते १७३४ हा त्याचा काळ. गुरांचा व्यापारी, आणि त्याचबरोबर ‘पहारा’ ठेवणारा. सखल भागातले जमीनदार त्याला पैसे देत आणि तो त्यांच्या कळपांवर नजर ठेवत असे. त्याच्या पुतण्याने १७४१ साली जमीनदारांशी केलेला करार लेखी आहे आणि तो छापूनही झाला आहे. वकिलाने काळजीपूर्वक लिहावा तसा. चोरीची खबर दिल्यावर ठरावीक मुदतीत गुरं सापडली नाहीत तर त्यांची किंमत पहारेकऱ्याने भरून द्यायची. किरकोळ भुरट्या चोऱ्या करारात धरायच्या नाहीत. आजच्या विमा पॉलिसीतली बारीक अक्षरं डोळ्यांपुढे येतात. पुतण्याने त्यावर नाव घातलं ते ग्रॅहम हे, कारण मॅकग्रेगर हे आडनाव लावायलाच त्या काळी कायद्याने बंदी होती. कंपनी भरवशाची, फक्त तिचं नाव उच्चारायचं नाही. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईनंतर हायलँड्सची शस्त्रं काढून घेतली गेली आणि हा पहाराही संपला.

व्यवहार संपला की शब्द सहसा मरतो. हा मेला नाही याचं श्रेय बऱ्याच अंशी वॉल्टर स्कॉटला जातं. १८१४ ची ‘वेव्हर्ली’ आणि १८१७ ची ‘रॉब रॉय’ या कादंबऱ्यांनी हा धूळ खात पडलेला शब्द युरोपभरच्या वाचकांपुढे ठेवला. ‘वेव्हर्ली’त एक जहागीरदार ब्लॅकमेल द्यायचं थांबवतो आणि एका रात्री त्याच्या दुभत्या गायी नाहीशा होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला दूध-साय नाही, असा सगळा प्रसंग. स्कॉट हे लिहू शकला कारण हे त्याच्या घरातलं होतं. हार्डनचा वॉट स्कॉट हा नावाजलेला रीव्हर त्याचा पूर्वज. त्याच्या बायकोची आख्यायिका आहे की कोठारातलं मांस संपलं की ती जेवणाच्या वेळी नवऱ्यापुढे झाकलेलं ताट ठेवी. झाकण काढलं की आत घोड्याला टोचायच्या लोखंडी आरा. समजायचं ते समजून तो रात्री बाहेर पडे.

इथे गोष्ट आपल्याकडे वळते, आणि ओढून-ताणून नव्हे. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला. त्यात चौथ या नोंदीपुढे पहिलाच खुलासा आहे की मराठे सुभेदारांकडून मुलूख न लुटण्याच्या मोबदल्यात वसूल करत ते ब्लॅकमेल. यूल मूळचा एडिंबराजवळचा. त्याच्या हाताशी हा शब्द तयार होता आणि त्याने तो लावून टाकला.

मराठी वाचकाच्या कपाळावर इथे आठी पडते, आणि पडायला जागा आहे. चौथाई ही मराठ्यांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. दमणच्या टापूतल्या गावांच्या वसुलातून पोर्तुगीज रामनगरच्या राजाला चौथ देतच होते. रामनगर घेतल्यावर शिवाजी महाराजांनी तोच हक्क पुढे मागितला. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. म्हणजे भाल्याच्या जोडीला शिक्काही आला. न्यायमूर्ती रानडे यांनी तर चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली: पैसे घ्यायचे आणि रक्षणाची हमी द्यायची. ती तुलना इंग्रजांना झोंबावी अशीच होती. पण एवढ्यावर हात झटकता येत नाहीत. बंगालमध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या १७४० च्या दशकात वर्षामागून वर्ष होत राहिल्या, आणि १७५१ मध्ये अलीवर्दी खानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली तेव्हा त्या थांबल्या. आपला ‘बारगीर’ तिथे ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी आले म्हणून मुलांना झोपवणारं अंगाईगीत बंगाली आया आजही म्हणतात. सनद दिल्लीला दाखवता येते, बर्दवानच्या शेतकऱ्याला नाही. यूलची व्याख्या मला अर्धी वाटते, खोटी नाही.

एकोणिसाव्या शतकात शब्दाने आजचा अर्थ घेतला. गोठ्यातल्या गाईच्या जागी माणसाची अब्रू आली. इंग्लंडात १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं, पत्रं स्वस्त झाली, लोक लिहू लागले आणि लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती पडू लागलं. वर्तमानपत्रं वाढली. छापू का, असं विचारूनच पैसे मिळतात हे काहींच्या ध्यानात आलं. १८४३ च्या बदनामीच्या कायद्यात त्यासाठी कलम घालावं लागलं. कॉनन डॉयलने १९०४ मध्ये उभा केलेला चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन या जातीचा नमुना आहे: नोकर-मोलकरणींकडून मोठ्या घरांतली पत्रं विकत घेणारा आणि लग्नाच्या तोंडावर ती बाहेर काढणारा. शेरलॉक होम्सला खुन्यांपेक्षा या माणसाची जास्त किळस येते. म्हणजे टपालाचा मेल या शब्दात शेवटी शिरलाच, पण गुन्ह्याचं साहित्य म्हणून, आणि शब्द जन्मल्यावर तीनशे वर्षांनी.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा गुन्हा छळतो. कुणाकडे पैसे मागणं गुन्हा नाही. कुणाबद्दल खरी गोष्ट सांगणं सहसा गुन्हा नाही. दोन्ही एकत्र केले की तुरुंग. इंग्लंडमध्ये १९६८ च्या चोरीच्या कायद्याने ब्लॅकमेल हे गुन्ह्याचं अधिकृत नाव केलं, १४ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, आणि कसोटीतला पहिला प्रश्न काय ठेवला? तर अशी मागणी करायला आपल्यापाशी रास्त कारण आहे असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं का. खंडावर हक्क कुणाचा, हा चेव्हियटच्या शेतकऱ्याचाच प्रश्न, वकिली झगा घालून.

भारतीय दंडसंहितेत ‘ब्लॅकमेल’ हा शब्द नव्हता. कलम ३८३ मध्ये पहिलंच उदाहरण मात्र तेच होतं: पैसे दे, नाहीतर बदनामीचा मजकूर छापतो. २०२४ च्या जुलैपासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये गेलं आहे. या गुन्ह्याला मराठीत आपण खंडणी म्हणतो. जमिनीचा ‘खंड’ म्हणजे ठरवून टाकलेला आकडा, पीक येवो न येवो. खंडकरी शेतकरी म्हणजे ज्यांच्या व्यवहारात हा खंड असतो ते. त्याच मुळातून आलेली खंडणी बखरींत राजाने राजाकडून घ्यायची असे आणि ती घेतली की नगारे वाजत. आता मुंबई पोलिसांचं खंडणी विरोधी पथक आहे. त्या पथकाच्या कागदपत्रांत सापडणारा दुसरा शब्द म्हणजे हप्ता. तो बँकेलाही देतात आणि भाईलाही. विशेषण लावायची तसदी मात्र मराठीने अजून घेतलेली नाही.